पुढच्या बाभळीपर्यंत

गेवराई तालुक्यात ज्या गावी माझी बदली झाली, तिथून कॅनॉल दहा मिनिटांवर होता. पैठणहून निघालेला जायकवाडीचा उजवा कालवा १३२ किलोमीटर चालून माजलगावच्या धरणात येतो. त्याच्या भरावावर मुरमाचा एक रस्ता आहे, पाटकऱ्याची मोटारसायकल जाईल एवढाच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस आणि कपाशी, कडेला मधूनमधून बाभळी. कालव्याला उतार असतो किलोमीटरमागे वीत-दोन वीत. पाण्याला तेवढा पुरतो, माणसाच्या पायाला तो कळतही नाही. नव्याने पळायला लागणाऱ्यासाठी याहून चांगला रस्ता मला बीड जिल्ह्यात नंतर कुठे सापडला नाही. पण तेव्हा मी पळायला आले नव्हते.

२०१५ ची दिवाळी झाली आणि तपासणीत माझी साखर दोनशे ऐंशी निघाली. वय सेहेचाळीस. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. गोळी घेणं सोपं होतं. शाळा, स्वयंपाक, पाणी भरणं यांच्या आधीची एकच वेळ मोकळी होती, पहाटेची. आणि पहाटे बाई रस्त्यावर दिसली की गावाला तिचं एकच कारण माहीत होतं. पुढे घरोघर संडास झाले, ते फार चांगलं झालं. पण त्याआधी बायका चार-चारच्या घोळक्याने अंधारात बाहेर पडायच्या, जाता-येता सुखदुःखाचं बोलायच्या, तेही त्याबरोबर थांबलं. अंधारात बाईने घराबाहेर असण्याचं गावाला मान्य असलेलं एक कारण गेलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मी हातात कापडी पिशवी घेतली. पिशवीत काही नव्हतं. पण पिशवी असली की बाई कुठेतरी निघालेली दिसते, तिला कुणी काही विचारत नाही. जवळजवळ महिनाभर मी ती रिकामी पिशवी घेऊन चालले.

भरावावर भरतीची पोरं असायची. पुलाच्या कठड्यापाशी त्यांच्या चपलांची रांग लागलेली असे. अंगठा तुटलेली आणि तारेने बांधलेली एक, टाचेला झिजून पापुद्र्यासारखी झालेली एक, एखादी घाईत आईची घालून आलेली. पोरं अनवाणी पळायची. ज्यांच्याकडे बूट होते ते रविवारी, वेळ लावायच्या दिवशी घालायची; रोज घालून झिजवायची नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००. मैदानी पन्नास गुणांतले वीस गुण त्या एका धावेचे. बैलाचा कासरा मापून घेऊन, तो टाकत टाकत पोरांनी भरावावर आठशे मीटर मोजले होते आणि दोन्ही टोकांच्या दगडांना चुना फासला होता. जायचे आठशे, यायचे आठशे.

त्यातल्या एकाने, जो पाचवीत माझ्या वर्गात होता, एकदा माझ्याशेजारून जाताना वेग कमी केला.

"बाई, पळायचंय का?"

"नाही रे बाबा. मी आपली चालते."

"पळा की. त्या पुढच्या बाभळीपर्यंत पळा, मग दोन बाभळी चाला. परत एक बाभळ पळा. लई पुढचं बघू नका."

दुसऱ्या दिवशी पिशवी घरी ठेवली.

पुढच्या काही वर्षांत या विषयावर मिळेल ते वाचलं, पण त्या पोराने भरावावर सांगितलं त्यापेक्षा वेगळं काही नव्याने पळणाऱ्याला सांगण्यासारखं आढळलं नाही. एक बाभळ पळा, दोन चाला. तीन आठवड्यांनी दोन पळा, एक चाला. यात एक गोष्ट मात्र तो मला सांगू शकला नसता, कारण तो एकोणीस वर्षांचा होता. श्वास लवकर शिकतो. महिन्याभरात छाती भरून येणं कमी होतं आणि आता आपल्याला जमलं असं वाटायला लागतं. हाडं, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या शिरा, टाच यांना मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चाळिशीनंतर आणखी. त्यामुळे नवखं माणूस पहिल्या आठवड्यात सहसा दुखावत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखावतं, सगळं सोपं वाटायला लागल्यावर. माझी नडगी अशीच नवव्या आठवड्यात ठणकायला लागली आणि पंधरा दिवस पुन्हा चालण्यावर यावं लागलं. त्या पंधरा दिवसांत मला आई आठवली.

आई पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर अकरा वेळा पंढरीला गेली. ती पालखी आपल्याच जिल्ह्यातून जाते, शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांच्या माळावरून. पारगाव घुमऱ्याला रिंगण होतं तेव्हा झेंडेकरी पळतात, पखवाजवाले पळतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका पळतात. सत्तरीची बाई एका हाताने वृंदावन सावरत धावते आणि तिला कुणी वय विचारत नाही. आई म्हणायची, चालताना अभंग म्हणता येईना झाला की समजायचं, चाल जास्त झाली. हल्ली डॉक्टर हेच सांगतात की बोलता येईल इतक्याच दमाने पळा, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. दिंडीत ही कसोटी आधीपासून चालत आलेली आहे आणि ती प्रत्येकाची आपापली आहे. पुढच्याच्या पायाकडे बघून नव्हे, स्वतःच्या गळ्याकडे लक्ष ठेवून चाल ठरवायची. मी अजूनही कॅनॉलसारख्या सपाट रस्त्यावर हळू आवाजात काहीतरी म्हणत पळते.

माझ्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी इटलीत आहे, फ्लॉरेन्सजवळ. मावशी पळायला लागली हे कळल्यावर त्याने एका गावाबाहेरच्या फलकाचा फोटो पाठवला. ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे मळे, दगडी भिंती, आणि त्यांमधून जाणाऱ्या पळण्याच्या वाटा. प्रत्येक वाटेला वेगळा रंग. सर्वांत सोपी हिरवी, सर्वांत अवघड काळी. प्रत्येकीपुढे लांबी, एकूण चढ, पाण्याचे नळ कुठे आहेत, सावली कुठे आहे, सगळं लिहिलेलं. खाली त्याने लिहिलं होतं, "मावशी, तुझ्या जिल्ह्याचा असा फलक कुणीतरी लिहायला पाहिजे."

तो फोटो मी बरेच दिवस मोबाइलमध्ये ठेवला. उतारावरची कोरडी जमीन, दगड, झुडपं, दूरवर एखादं देऊळ दिसावं तसं चर्च; झाडांची नावं बदलली तर ती जागा पाटोद्याच्या आसपासची वाटली असती. आणि खरंच, का नसावा आपला फलक? बीड जिल्हा पळण्यासाठी जणू पायऱ्या करून ठेवल्यासारखा आहे. खाली गोदावरीच्या काठची गंगथडी, गेवराई-माजलगावची, काळीभोर आणि सपाट. वर बालाघाटाचं पठार, मुरमाड आणि उघडंबोडकं. आणि दोहोंना जोडणारे घाट. नवख्याने खाली सुरुवात करावी, जमत जाईल तसं वर यावं.

मीही तशीच वर आले, पण माझ्या मनाने नव्हे, २०१९ च्या बदलीने. पाटोदा तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्या पावसातच जमिनीतला फरक पायाला कळला. गंगथडीत पाऊस पडला की रानातली वाट दोन-चार दिवस बंद होते. प्रत्येक पावलाला बुटाखाली शेर-शेर माती चढते, थोड्या वेळाने आपण पाय उचलतो आहोत की रान, हे कळेनासं होतं. बालाघाटावर पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट पळण्याजोगी असते, मुरूम पाणी धरत नाही. पिकासाठी हेच दुर्दैव. जो गुण पळणाऱ्याला बरा वाटतो त्यानेच या पठारावरच्या माणसाला दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागतं, हे इथे पळताना विसरता येत नाही आणि विसरू नये.

पठारावरच्या वाटा सपाट दिसतात, तशा नसतात. बारीक चढ-उतार सारखे चालू. कॅनॉलवर पाच किलोमीटर पळणाऱ्याने इथे पहिला महिना तीनच पळावेत. सीताफळाच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, या वाटा फार सुंदर होतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते नसतं तरी टेकड्यांच्या उतारावर आपोआप वाढलेली ती झाडं आणि सकाळच्या उन्हात डोळे उघडलेली फळं पाहून थांबल्याशिवाय पुढे जाववलं नसतं. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या बाजूने वारा आला की मोरांची केका ऐकू यायची. अभयारण्यात पळायला जाऊ नये, ती त्यांची वेळ आणि त्यांची जागा आहे. बाहेरच्या रस्त्यावरूनच ते पुरेसं ऐकू येतं.

घाटाबद्दल मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण तिथे माणसं चुकतात. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार सर्वांना माहीत आहे, मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यातला धबधबा, कार्तिक पौर्णिमेची यात्रा. यात्रेला दूरदूरून पदयात्रा येतात. बीडची पळणारी हौशी मंडळी आता रविवारी तिकडे जातात. तिथे आधी उतरायचं असतं आणि नंतर चढायचं. उतरताना वेग आपोआप येतो, श्वास लागत नाही, आणि माणसाला वाटतं की आज आपलं फार छान चाललंय. पण त्रास उतारावरच होत असतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतो, गुडघ्यावर सपाटीपेक्षा जास्त दाब येतो, आणि हे सगळं त्या वेळी दुखत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं, जिना उतरताना. चढ तुमचा दम काढतो आणि तुम्ही थांबता. उतार तुम्हाला थांबवत नाही. म्हणून कपिलधारची वाट मी चढ जमणाऱ्यासाठी म्हणणार नाही, उतरताना पावलं लहान ठेवून स्वतःला आवरता येणाऱ्यासाठी म्हणेन. आणि मांजरसुंब्याहून जाणाऱ्या धुळे-सोलापूर महामार्गावर कुणीही पळू नये, कितीही तयारीचा असला तरी.

ऊसतोडीच्या हंगामात गावरस्त्यांवरही जपावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात येतो, मागे लाल दिवा असेलच असं नाही. त्याचं गाणं आधी ऐकू येतं आणि मग तो दिसतो. गाणं ऐकू आलं की मी रस्ता सोडून रानात उभी राहते, शेवटची ट्रॉली जाईपर्यंत.

आष्टी तालुक्यातलं मांडवा मी एका लग्नाच्या निमित्ताने पाहिलं. कार्यालय जवळच्या गावी होतं. सकाळी लवकर उठून मी मोटारसायकलवर मुद्दाम गेले. अविनाश साबळे यांचं ते गाव. १३ सप्टेंबर १९९४ चा त्यांचा जन्म, घरची थोडी शेती, आईवडील वीटभट्टीवर राबलेले. शाळा पाच-सहा किलोमीटर लांब आणि जायला गाडी नाही, म्हणून ते चालत-पळत जायचे, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला होते, राजस्थानच्या वाळवंटात होते. स्पर्धेत पळायला लागले ते तिथून पुढे, आणि अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले २०१७ मध्ये. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो, अडथळ्याची उंची एक्क्याण्णव सेंटिमीटरच्या वर. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक, सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशाने हुकलं. १९९८ पासून त्या शर्यतीतली तिन्ही पदकं केनियाकडेच जात होती, ती रांग आष्टी तालुक्यातल्या माणसाने मोडली. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा क्रमांक. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय.

हे सगळं मला पाठ आहे, वर्गात मी मुलांना ते सांगते. पण मांडव्याच्या रस्त्यावर उभी असताना मला वेगळंच जाणवलं. तो रस्ता साधा आहे. दोन्ही बाजूंना कोरडवाहू रान, लांबवर दिसणारं क्षितिज, सावली नाही. इटलीच्या फलकावर त्याला कोणता रंग दिला असता? लांबी पाहता हिरवा, चढ पाहता हिरवाच. आणि तरी दप्तर घेऊन, उपाशी किंवा अर्ध्यापोटी, ठरलेल्या वेळेत, रोज दोनदा, हा रस्ता दहा वर्षांच्या मुलासाठी काळ्या रंगाचाही असू शकतो. त्याने तो निवडला नव्हता. शाळा तिथे होती म्हणून तो होता. अशा रस्त्यांनी मोठे खेळाडू घडतात असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती पटत नाही. त्याच रस्त्याने शेकडो मुलं गेली, त्यांतली कितीतरी सातवीनंतर शाळेला जायचीच थांबली, मुली सर्वांत आधी. एका माणसाने त्या रस्त्याचं सोनं केलं, ते त्याचं कर्तृत्व. रस्त्याला त्याचं श्रेय देऊन शाळा लांबच ठेवायची, हे बरोबर नाही.

२०२५ च्या जुलैत मोनॅकोला, भूमध्य समुद्राच्या काठी, पाण्याच्या उडीवर त्यांचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या शाळेतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, आता ते पळत नाहीत का?" मी म्हटलं, "आधी चालतील, मग पळतील." कॅनॉलवरची बाभळ जगातल्या सर्वांत वेगवान गुडघ्यालाही चुकत नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

पळण्याच्या इतिहासात मला मोठ्या शहरांपेक्षा अशाच कोरड्या गावांची माणसं भेटतात. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारे स्पिरिडॉन लुईस हे मारूसी गावचे, वडिलांबरोबर शहरात पाणी वाहून नेण्याचं काम करणारे. १९२० मध्ये अँटवर्पला भारताकडून मॅरेथॉन पळाले ते बेळगावचे फडेप्पा चौगुले, एकोणिसावे आले. त्याच्या आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत ग्रामीण भागातली माणसं अनवाणी पळताना पाहून दोराबजी टाटांनी हा संघ पाठवायचं मनावर घेतलं होतं. पाणी वाहून नेणारा माणूस चाळीस किलोमीटर पळू शकतो याचं अथेन्सला नवल वाटलं असेल. आमच्या जिल्ह्यात हंडा-कळशी घेऊन उन्हाळ्यात मैलोन्‌मैल चाललेल्या बायकांच्या तीन पिढ्या मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी कधी पळायला सांगितलं नाही.

भाच्याच्या फलकाकडे मी पुन्हा येते, कारण तो लिहायचा मी खरंच प्रयत्न केला. एका रविवारी वही घेऊन बसले. सर्वांत सोपी वाट, कॅनॉलची. त्यानंतर बीडची खंडोबाची टेकडी, दोन उंच दीपमाळांची. चढ थोडा पण एकदम, तीन-चार वेळा वर-खाली केलं की पुरे. मग पठारावरच्या वाटा. मग घाट. लांबी लिहिली, चढ लिहिला, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत घरी परतावं, हेही लिहिलं. इथवर सगळं जमलं.

मग मला आठवलं ते २०२० च्या शेवटाचं. आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती. शेजारच्या आमच्या तालुक्यातही अंधार पडला की दारं बंद व्हायची. वनविभागाची माणसं रात्रंदिवस फिरत होती. त्या दिवसांत भरतीची पोरं आठवडाभर थांबली आणि मग दहा-बाराच्या घोळक्याने, काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन, पुन्हा पळायला लागली. मुली लागल्या नाहीत. बिबट्या गेल्यावरही कितीतरी महिने लागल्या नाहीत. एका मुलीच्या चुलत्याने मला सांगितलं, "मॅडम, बिबट्याचं एक निमित्त झालं, आम्हाला तसंही बरं वाटत नव्हतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की फलकावर लांबी, चढ, पाणी, सावली असे चार रकाने पुरत नाहीत. आणखी दोन लागतात: किती वाजता, आणि कुणाबरोबर. तोच आठशे मीटरचा तुकडा वीस वर्षांच्या मुलासाठी रिकाम्या पोटी केलेला सराव आहे. त्याच्याच बहिणीसाठी तो घरातल्या चार माणसांची परवानगी आहे, सोबतीला कुणीतरी मोठं आहे, पंजाबी ड्रेसवर कमरेला आवळून बांधलेली ओढणी आहे, आणि गावाच्या चावडीवरून न जाणारी वाट आहे. तिची छाती कितीही दमदार असो, यातलं एक जरी नसलं तरी तिच्यासाठी तो रस्ता नाहीच. अंगातली ताकद पाहून वाट निवडा, असं सगळे सांगतात. ज्यांना वाटा मिळालेल्या असतात त्यांच्यासाठी ते बरोबर आहे.

आता मी बीडला असते, निवृत्तीला थोडे दिवस आहेत. गेली तीन वर्षं पहाटे माझ्याबरोबर मुली येतात. सुरुवात दोघींनी केली, सध्या सात आहेत. कुणी भरतीची तयारी करतं, एक फक्त वजनासाठी येते, एकीला नुसतं पळायचं असतं आणि ती कारण सांगत नाही, मीही विचारत नाही. आम्ही कुठे पळतो ते मी या लेखात लिहिणार नाही. रस्ता चांगला आहे, इथे सांगितलेल्या सगळ्यांपेक्षा चांगला. सपाट आहे, शेवटी थोडा चढ आहे, दोन्ही बाजूंना झाडी आहे. पण त्या मुली तिथे रोज ठरलेल्या वेळी असतात, आणि म्हणून तो रस्ता छापता येत नाही. भाच्याला मी हे कळवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "मग नवीन मुलींना कळतं कसं?" मी म्हटलं, "एकीने दुसरीला सांगायचं." पूर्वी चारचारच्या घोळक्याने निघायचं तसंच.

आठशे मीटरच्या दोन बहिणी त्या सातांत आहेत. आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात जातात, या खोली घेऊन राहतात. थोरली वीस वर्षांची, धाकटी अठराची. दोघींत बुटांचा एक जोड. थोरलीच्या पायाला तो बरोबर बसतो, धाकटी आत दोन मोजे घालते. म्हणून दोघी एका वेळी पळत नाहीत. आधी थोरली दोन फेऱ्या मारते, तोपर्यंत धाकटी कडेच्या मोरीवर बसून पोटऱ्या चोळत राहते, पाय गार पडू नयेत म्हणून.

मागच्या डिसेंबरात एका पहाटे फार थंडी होती. हातातल्या बॅटरीचा उजेड धुक्यात दहा पावलांपुढे जात नव्हता. थोरली शेवटच्या चढावरून आली, रेघ ओलांडली, मी वेळ सांगितली. गेल्या आठवड्यापेक्षा चार सेकंद कमी. तिला धाप लागली होती, बोलता येत नव्हतं, पण ती थांबली नाही. तशीच मोरीकडे गेली, खाली बसली आणि श्वास जागेवर येण्याआधीच नाड्या सोडायला लागली. तिची बोटं गारठली होती, गाठ सुटेना. धाकटीने खाली वाकून दातांनी गाठ सोडवली, एक बूट ओढून काढला, मग दुसरा. दोन्ही मोजे तिने आधीच चढवलेले होते. बूट आतून अजून गरम होते. तिने नाड्या दोनदा आवळल्या, उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळावर बोट ठेवलं.